महाराष्ट्रातली खासगी शाळा, दुसरं मूल आणि घरखर्च: हिशेब बसवता कसा?

निळी_छत्री

मुलगी चौथीत आहे, मुलगा जूनपासून ज्युनियर केजीत जाईल. विनाअनुदानित इंग्रजी शाळा. मुलीच्या वेळी आम्ही दोघंही "बघू, होईल काहीतरी" म्हणालो आणि खरंच झालं. आता मात्र होत नाहीये, म्हणून इथे सगळं उघडं करते. ओळखीच्या लोकांना हे आकडे सांगायला जीभ रेटत नाही.

दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,१२,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता ३१,०००, सासूबाईंची औषधं ५,०००, सोसायटी ३,५००. किराणा, वीज, फोन, मदतनीस, मुलांचं किडूकमिडूक मिळून ३८,०००. पेट्रोल ६,०००, विम्याचे हप्ते महिन्यावर काढले तर ४,५००. उरले २४,०००.

मुलीची फी ९६,०००, बस २४,०००, पुस्तकं-गणवेश-बूट १४,०००, म्हणजे वर्षाला १,३४,०००. मुलाला त्याच शाळेत घातलं तर फी ८२,०००, बस २४,०००, बाकी ९,०००. दोघांचे मिळून महिन्याला २०,७५०. हातात राहणार ३,२५०. प्रवेशाच्या वेळचे २५,००० वेगळेच, त्यांचं तर मी अजून नावही काढलेलं नाही.

नवऱ्याचं म्हणणं, मुलाला जवळच्या अनुदानित शाळेत घालू, सेमी इंग्रजी आहे, चालत दहा मिनिटं. मला ते पटतं आणि पटत नाही. एकाच घरातली दोन मुलं दोन वेगळ्या शाळांत? उद्या त्याने विचारलं, "ताईला ती शाळा का, मला ही का?" तर काय सांगू?

तुम्ही हा मेळ कसा घालता?

पावणेआठ

आधी एक शंका. एवढे नेमके आकडे तुमच्याकडे कसे? आमच्याकडे पगार होतो आणि जातो, मधलं कुणी पाहिलेलं नाही.

निळी_छत्री

वही आहे. नवरा हसतो, पण विम्याची पावती सापडेनाशी झाली की तीच मागतो.

हिशेबनीस

वही आहे म्हणून थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

तुम्ही यंदाचा हिशेब मांडला आहे. खरा प्रश्न मुलगी दहावीत असेल त्या वर्षाचा आहे. फी वर्षाला सरासरी १० टक्क्यांनी वाढते आणि पगार ६ टक्क्यांनी, असं धरू. सहा वर्षांनी २०,७५० चे ३६,७५० होतात. १,१२,००० चे साधारण १,५९,०००. म्हणजे आज पगाराचा साडेअठरा टक्के हिस्सा शाळा खाते, तो तेव्हा तेवीस टक्क्यांवर जातो. नववी-दहावीच्या क्लासचा यात समावेश नाही. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे: कर्जाचा हप्ता पगाराबरोबर वाढत नाही.

दुसरं, तुमच्या यादीत एक ओळ नाही. तुम्ही दोघं म्हातारे व्हाल त्याची. पीएफ सोडून काही बाजूला पडतंय का?

निळी_छत्री

पडत होतं. मुलीच्या शाळेचे जाऊन महिन्याला साधारण १२,८०० उरायचे, त्यातून.

खडूची_भुकटी

मी अकरा वर्षं खासगी शाळेत शिकवलं, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. पालकांना वाटतं फी भरली म्हणजे शिक्षकाला चांगला पगार. मला मिळायचे १८,०००, आणि जवळच्या अनुदानित शाळेतल्या माझ्या मैत्रिणीला माझ्या कितीतरी पट. इमारत, गाड्या, कार्यक्रम, जाहिरात यांतही पैसा जातो. बरं, शाळा चांगली नव्हती असं म्हणत नाही. काही गोष्टी खरोखर चांगल्या होत्या, वाचनालय तर मला अजून आठवतं. पण महागडी शाळा म्हणजे चांगला शिक्षक हे समीकरण मनातून काढून टाका.

छोट्यांच्या बाबतीत माझा अनुभव असा की ज्युनियर-सिनियर केजीत शाळेपेक्षा बाई महत्त्वाची. वर्गात किती मुलं, बाई किती वर्षं टिकून आहेत, मूल रडलं तर कोण उचलतं. हे तीन प्रश्न दोन्ही शाळांत जाऊन विचारा.

डोंगरवाट

यात चर्चा कसली? मराठी माध्यमात घाला दोघांना, संपला विषय. आम्ही सगळे तिथेच शिकलो.

पावणेआठ

"आम्ही तिथेच शिकलो" म्हणणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठे शिकतात, असा एक वेगळा धागा काढू या का?

डोंगरवाट

माझी दोन्ही जिल्हा परिषदेत. मोठीला पाचवीची शिष्यवृत्ती मिळाली. विचारा अजून.

पावणेआठ

शब्द मागे घेतो. पेढे कधी?

मधली_सुट्टी

डोंगरवाट, तुमची शाळा चांगली निघाली म्हणून सगळ्या चांगल्या नसतात हो. आमच्या भागातल्या सरकारी शाळेत दोन शिक्षक आणि चार इयत्ता. मला हौस म्हणून खासगी शाळा घ्यायची नव्हती, पर्याय नव्हता. आणि प्रत्येक वेळी "आई-बापांची प्रतिष्ठा" म्हणून आम्हाला झोडपायचं बंद करा. काही जण रांगेत उभे राहतात कारण दुसरी रांगच नाही.

गोगलगाय_२

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांचं कुणी काढलं नाही?

हिशेबनीस

त्यांना बहुतेक लागू नाही. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची अट वर्षाला १ लाखाच्या आत आहे, आणि प्रवेश शाळेच्या सुरुवातीच्या वर्गातच, मधे नाही. त्यातही फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर जवळच्या खासगी शाळांना या जागांतून वगळलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. त्या वर्षी प्रवेश किती लांबले ते ज्यांनी अर्ज भरले होते त्यांना विचारा.

मधली_सुट्टी

माझ्या घरी काम करणाऱ्या ताईंचा मुलगा त्या वर्षीचाच. जूनमध्ये सगळ्यांच्या शाळा सुरू झाल्या आणि हा खिडकीतून बस मोजत बसायचा. असो, विषय वेगळा आहे.

जुनी_सायकल

फीवाढीबद्दल. कायद्याने १५ टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही ना? आमच्या शाळेने २२ टक्के वाढवली. तक्रार कुठे करायची?

उंबरठा

हा गैरसमज फार जणांचा आहे. मी आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर एक वर्ष होतो, तेव्हा कायदा वाचायला लागला. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. अंमल डिसेंबर २०१४ पासून.

व्यवस्थापन फीचा प्रस्ताव समितीपुढे ठेवतं. समितीत मुख्याध्यापक, शिक्षक आणि प्रत्येक इयत्तेतला एक पालक. इच्छुक पालकांतून सोडत काढून निवड. समितीने मान्य केलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. १५ टक्के येतात ते असे: शाळेने मागितलेली फी आणि समितीने मान्य केलेली फी यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तरच व्यवस्थापनाला विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येतं. म्हणजे "दर वर्षी १५ टक्क्यांपर्यंत वाढवा" अशी सरसकट मुभा नाही, आणि त्यावर सरसकट बंदीही नाही. सगळी मदार त्या समितीवर.

पालकांना थेट विभागीय समितीकडे जायचं तर, नंतरच्या दुरुस्तीनुसार, किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात.

आता गंमत ऐका. आमच्या शाळेत ९०० मुलं. सोडतीसाठी नावं आली होती चौदा. मी पहिल्या बैठकीला गेलो तेव्हा प्रस्ताव आधीच टाइप करून ठेवलेला, शेवटच्या पानावर आमच्या सह्यांसाठी फुल्या मारलेल्या. मी म्हटलं, ताळेबंद दाखवा. पंचवीस मिनिटं कुणीच काही बोललं नाही, एसीचा आवाज येत होता फक्त. शेवटी हिशेबाचं एक पान आलं. त्यात "इतर" या सदराखाली एवढी मोठी रक्कम होती की बाजूच्या पालकबाई चष्मा काढून पुसायला लागल्या. त्या वर्षी वाढ १८ वरून ९ टक्क्यांवर आली. फार मोठा विजय नाही, पण सहीआधी वाचलं एवढंच आम्ही केलं.

जुनी_सायकल

२५ टक्के पालक? आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फीवाढीच्या दिवशी तीनशे जण चिडले. सहीला बोलावलं तर सहा आले. त्यातला एक पार्किंग मिळत नाही म्हणून परत गेला.

आळशी_कासव

तो मी असेन.

शाईची_दौत

कर वाचवण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. जुन्या करप्रणालीत करपात्र उत्पन्नातून ट्यूशन फी वजा करता येते, दोन मुलांपर्यंत, पण तुमच्या पीएफ-एलआयसीसकट एकूण दीड लाखाच्या मर्यादेत. फक्त ट्यूशन फी. देणगी, विकास निधी, बस यात येत नाही. म्हणून पावतीवर फोड करून मागा, एकरकमी "शैक्षणिक शुल्क" लिहिलेली पावती घेऊ नका. नवरा-बायको दोघं कमावते असतील तर ज्याच्या खात्यातून फी गेली त्याने दाखवायची. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

पावणेआठ

आणि पगारातला तो शिक्षण भत्ता विसरू नका! वर्षानुवर्षं दर मुलामागे महिना १०० रुपये करमुक्त असायचे. त्यात खोडरबर यायचं, छान वासाचं.

हिशेबनीस

नव्या-जुन्यात निवड करताना फक्त फीकडे बघून ठरवू नका. गृहकर्जाचं व्याज, घरभाडं सगळं धरून दोन्हीकडे गणित करा. निळी छत्री, तुमच्या दोघांच्या पगारात बहुतेक दोघांची उत्तरं वेगळी येतील.

गोगलगाय_२

आमच्या शाळेने यंदा पत्र पाठवलं, "फी भरा बारा सुलभ हप्त्यांत, शून्य व्याज". घ्यावं का? निळी छत्री यांनाही उपयोगी पडेल.

टोपणनाव_सुचेना

थांबा. मी घेतलं होतं.

ते हप्ते शाळेचे नसतात, कर्ज देणाऱ्या कंपनीचे असतात. कंपनी शाळेला वर्षाची फी आधीच देऊन मोकळी होते. कर्ज तुमच्या नावावर. मी जिथे सही केली तो कागद शाळेच्याच टेबलावर होता, त्यामुळे शाळेशीच करार करतोय असं वाटलं. नोव्हेंबरमध्ये माझी बदली झाली, मुलाला काढलं. शाळा म्हणाली, आमचा हिशेब पूर्ण आहे. कंपनी म्हणाली, सात हप्ते बाकी आहेत. मुलगा दुसऱ्या गावात दुसऱ्या शाळेत जातोय आणि मी पहिल्या शाळेचे हप्ते भरतोय, असं मेपर्यंत चाललं. एक हप्ता चुकला तर बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा वेगळा, आणि सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) डाग.

घेऊ नका असं नाही म्हणत. कागदावर कुणाचं नाव आहे ते वाचा, आणि मधेच शाळा सोडली तर काय, हे लेखी विचारा.

काउंटरपलीकडून

मी शाळेच्या कार्यालयात आहे (कुठल्या ते विचारू नका). एक सांगते. हप्ते करून मिळतात. पण मे अखेरीस लेखी अर्ज घेऊन येणाऱ्याला मिळतात, सप्टेंबरमध्ये तीन स्मरणपत्रं गेल्यावर येणाऱ्याला नाही. मुख्याध्यापकांच्या नावाने चार ओळी लिहा, कोणत्या तारखेला किती भरणार ते लिहा आणि पोच घ्या. आम्ही सगळ्यांना हे सांगत नाही, कारण तसं सांगितलेलं नाही. भावंडांची सवलत कित्येक शाळांत असते, तीही मागितल्याशिवाय निघत नाही.

आणि मुलांच्या हातून फीबद्दल चिठ्ठी पाठवू नका, प्लीज. ती पोरं काउंटरशी येऊन खाली बघत उभी राहतात.

चिंचेचा_कोळ

काउंटरपलीकडून यांचं शेवटचं वाक्य वाचून आठवलं ते लिहिते. खूप दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी यांची नोकरी गेली, पाच महिने एकाच पगारावर होतो. मुलांसमोर पैशाचं बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि आम्हाला वाटायचं आपण पाळतोय. एकदा लेकीच्या कंपासमध्ये टोक करायचं यंत्र शोधताना खालच्या कागदाखाली घडी घातलेली चिठ्ठी सापडली. सहलीची. ६५० रुपये. शेवटची तारीख उलटून चार दिवस झालेले. पालकांच्या सहीच्या जागी तिने स्वतःच्या अक्षरात "येणार नाही" लिहिलेलं, आणि मग द्यायचा धीर झाला नसावा. तिसरीतली मुलगी.

त्यानंतर आम्ही उलट केलं. जेवणानंतर तिला बसवून सांगितलं की यंदा काय आहे आणि काय नाही. कर्जाचे आकडे नाही सांगितले, पण "सहल आहे, नवीन सायकल नाही" एवढं स्पष्ट. त्या रात्री ती लवकर झोपली.

म्हणून निळी छत्री, मुलगा उद्या विचारेल तेव्हा काय सांगू, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: जे आहे ते. लहान शब्दांत.

निळी_छत्री

चिंचेचा कोळ, ऑफिसमध्ये वाचलं. नको होतं वाचायला.

डोंगरवाट

ताई, माझं आधीचं लिहिणं जरा उर्मट झालं. क्षमस्व.

जावईशोध

मी आणि धाकटा भाऊ, आम्हीच "दोन मुलं दोन शाळा". मी कॉन्व्हेंट, तो नगरपालिकेची शाळा, कारण तो शाळेत जायच्या वर्षी वडिलांची गिरणी बंद पडली. तक्रार होती का? होती, पण माध्यमाची नव्हती. माझ्या शाळेला दिवाळीची सुट्टी कमी आणि त्याची जास्त, यावर आम्ही अक्षरशः मारामारी केली. इंग्रजी बोलायला तो चाचरायचा, कॉलेजचं पहिलं वर्ष त्याला जड गेलं हे खरं आहे, लपवणार नाही. आज तो माझ्यापेक्षा चांगलं कमावतो आणि प्रत्येक लग्नात हे एकदा तरी सांगतो.

पण एक गोष्ट आई-वडिलांनी जपली. माझ्या शाळेचं कौतुक पाहुण्यांसमोर कधी जास्त केलं नाही.

खडूची_भुकटी

जावईशोध यांच्या शेवटच्या ओळीला अनुमोदन.

निळी छत्री, एक लक्षात असू द्या. अनुदानित शाळेचा बालवर्ग अनुदानात नसतो, अनुदान पहिलीपासून. त्यामुळे तिथेही दोन वर्षं फी पडेल, फक्त तुमच्या शाळेच्या मानाने किरकोळ. आणि बालवर्गात घेतलं म्हणजे पहिलीत आपोआप प्रवेश की पुन्हा अर्ज, हे आत्ताच विचारून घ्या. मुलाची मुलाखत घ्यायला लागले तर आरटीई कायद्याचं कलम १३ आठवण करून द्या, चाळणी परीक्षेला मनाई आहे.

हिशेबनीस

पैशाच्या बाजूने माझं शेवटचं. फीपेक्षा फीचा महिना घर मोडतो. जूनला एकदम सत्तर-ऐंशी हजार जातात, ते क्रेडिट कार्डावर टाकायचे आणि ऑक्टोबरपर्यंत फेडत राहायचं, हे चक्र मी पुष्कळ घरांत पाहिलंय. पुढच्या जूनची फी या जुलैपासून आवर्ती ठेवीत टाकायला सुरुवात करा. शाळेच्या नावाचं वेगळं खातं, त्याचं एटीएम कार्ड घेऊच नका.

गोगलगाय_२

बोलायला सोपं आहे. पहिल्या वर्षी चालू फी पण भरायची आणि पुढच्या वर्षीची पण साठवायची, म्हणजे दुप्पट. आणायची कुठून?

हिशेबनीस

बरोबर पकडलंत. पहिलं वर्ष अवघडच जातं. मी बोनस आणि बायकोची एक भिशी त्यात घातली, आणि एक वर्ष टीव्हीशिवाय काढलं. टीव्ही आपणहून बिघडला होता, त्यात माझा त्याग काही नाही.

आळशी_कासव

आमच्याकडे फी आजोबांच्या पेन्शनमधून जाते. ते कुणी लिहिलं नाही. इथल्या निम्म्या घरांत जात असेल. आजोबा दर जूनला पावती हातात घेऊन "माझ्या एसएससीची वर्षाची फी..." म्हणून सुरू करतात आणि आम्ही सगळे उठून आतल्या खोलीत जातो.

मधली_सुट्टी

उठू नका हो. त्यांना आकडा पूर्ण म्हणू द्या एकदा.

निळी_छत्री

तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे आभार, नावं घेत बसत नाही.

दोन्ही शाळांत जाऊन खडूची भुकटी यांचे तीन प्रश्न विचारले. मुलीच्या शाळेत केजीच्या बाई तीन वर्षांत चार बदलल्या. अनुदानितमधल्या बाई सतरा वर्षं तिथेच आहेत, वर्गात मुलं मात्र बेचाळीस. मी गेले तेव्हा एक पोरगं रडत होतं, त्याला कडेवर घेऊन त्या फळ्यावर लिहीत होत्या.

मुलगा तिथे जाणार. बालवर्गाची फी वर्षाला ११,०००, बस नाही. मुलगी आहे तिथेच राहील, निदान सातवीपर्यंत, मग परत बघू. तिच्या शाळेत मे महिन्यातच अर्ज दिला, चार हप्ते मिळाले, पोच घेतली. नवऱ्याने कार्यकारी समितीच्या सोडतीसाठी नाव दिलंय आणि उंबरठा यांची पोस्ट छापून पाकिटात ठेवली आहे. मुलाच्या शाळेची वाचलेली रक्कम पहिले सहा महिने शाळेच्या खात्यात जाईल, नंतर आम्हा दोघांच्या म्हातारपणाच्या. हिशेबनीस, ओळ घातली वहीत.

अजूनही रात्री मधेच वाटतं की आपण धाकट्यावर अन्याय केला का. ते लगेच जाईल असं दिसत नाही.

मुलीला सांगितलं तेव्हा ती भडकली. मला वाटलं भावासाठी. तर म्हणाली, "म्हणजे मी सव्वासहाला उठायचं आणि हा साडेदहाला चालत जाणार? मला पण तिकडेच घाला."

पावणेआठ

तिचं नाव पण सोडतीत टाका.